भूक वाजत नाही

माझी पुतणी दामिनी बार्शीटाकळीची. शिक्षण मराठी शाळेत, एम.ए. इंग्रजीत, आणि तीन वर्षं नोकरी तासिकेवर. त्या दिवशी अमरावतीच्या एका इंग्रजी शाळेत तिचा नमुना पाठ होता. कायमची जागा एक, उमेदवार चार. मी सोबत गेलो. मुख्याध्यापिका रागिणी मॅडमनी मला शेवटच्या बाकावर बसवलं. बाक सहावीचा होता, गुडघे माझे होते.

अट एकच: तोंडून मराठी शब्द निघाला की उमेदवार बाद.

विषय चिठ्ठीत निघाला: इंग्रजीत कोणता शब्द कोणासोबत नांदतो. दामिनीनं फळ्यावर 'हेवी रेन' लिहिलं. आचल नावाची पोरगी उठली. स्ट्राँग रेन का नाही, तिनं इंग्रजीत विचारलं. दामिनीनं इंग्रजीतच समजावलं, दोनदा. वर्गानं दोनदा मान हलवली. समजलं कोणालाच नव्हतं. 'पाठ करा' म्हटलं असतं तर पाठ निभावला असता.

तिनं खडू खाली ठेवला. आणि सरळ मराठीत विचारलं,

"आचल, थंडी काय करते?"

"वाजते, मॅडम!"

"अन् भूक?"

"लागते!"

"मले भूक वाजून राहिली, असं म्हणलं तर?"

अख्खा वर्ग खिदळला.

"काहून हसले रे?"

"असं कोणी म्हणतच नाही, मॅडम!"

"बस. तुमच्या स्ट्राँग रेनले इंग्रज असेच हसतात."

मग पोरं सुटलीच, एकेक जण फळ्याशी येऊन लिहू लागला. स्ट्राँग टी, हेवी ट्रॅफिक, मेक अ मिस्टेक. माझ्याकडे बोट दाखवून कोणीतरी 'डीप स्लीप' ओरडलं. मी फक्त डोळे मिटले होते.

घंटा झाली. रागिणी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही अट मोडलीत."

"हो, मॅडम," दामिनी म्हणाली. "पोरं समजल्याचं नाटक करत होती. मला ते पुढे रेटता आलं नसतं. जागा गेली तर गेली."

मॅडम फळ्याकडे पाहत राहिल्या. तिथे आता पोरांच्या अक्षरातल्या बावीस जोड्या होत्या, आणि चूक एकही नव्हती.

"पुण्यात शिकताना आमच्याकडून हे घोकून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "मी अजून चुकते. सोमवारी रुजू व्हा."

फाटकाशी शिपाई उभा होता. मी त्याला सांगितलं, "माझी पुतणी आहे. बार्शीटाकळीची."

त्यानं काही विचारलं नव्हतं.