तुटलेल्या तारेचा उजेड

प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या साहेबांपासून शेजारच्या विभागातल्या कारकुनांपर्यंत सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे डोळे लावून उभे होते. पडद्यावर, टेबलावरच्या चिपवर रोखलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात, एक पांढरा ठिपका लखलखत होता.

"नुसत्या सिलिकॉनच्या चिपमधून लेसर!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

हा चमत्कार घडवणाऱ्या सल्लागारांना आम्ही पाठीमागे 'महाराज' म्हणायचो. ते डोळे मिटून सांगत होते, "सिलिकॉन निर्जीव नसतं हो, झोपलेलं असतं. मी फक्त हाक मारली."

मी मागे उभी होते. सिलिकॉनला वीज दिली की ते तापतं, उजळत मात्र नाही. म्हणून त्यावर उजळणाऱ्या दुसऱ्या पदार्थाचे थर चढवावे लागतात. दोघांच्या अणूंमधली अंतरं जुळत नाहीत, थरांना भेगा पडतात आणि लेसर चार दिवसांत मान टाकतो. या भेगांशी झुंजण्यात माझी अकरा वर्षं गेली. सकाळीच साहेब म्हणाले होते, "बाई, तुमची ती थर चढवायची भट्टी आता बंद करू. यांना ती खोली लागेल."

चिपला केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडण्यात आमच्या मावशींचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"अहो, तार तुटलीय की! चिपला वीज पोचतच नाहीये."

सगळे महाराजांकडे वळले. मग महाराज हसले. "बघा! आता त्याला विजेचीही गरज उरली नाही."

आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला रागसुद्धा आला नाही, नुसता थकवा आला.

मी पुढे झाले आणि चिमट्याने चिप उचलली.

"हात लावू नका! त्याची लय बिघडेल!" महाराज किंचाळले.

चिप माझ्या हातात, ठिपका पडद्यावर तसाच. उलट जास्तच झळझळीत. चिपखालच्या पितळी बैठकीला सुईएवढं भोक होतं. मावशींनी टेबलाखालून त्या भोकापर्यंत आलेला, उजेड वाहून नेणारा काचेचा तंतू ओढून काढला. त्याच्या दुसऱ्या टोकाला होता बाजारात मिळणारा तयार लेसर. त्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो आणि सिलिकॉनमधून आरपार जातो. झालं, एवढाच चमत्कार.

महाराज पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले, ते गेलेच.

साहेबांनी घाम पुसला. "मग तुमचा लेसर कधी पेटणार?"

"पेटतो. टिकत नाही. अजून दोन वर्षं लागतील, कदाचित जास्तच."

"एवढी?"

बघता बघता खोली रिकामी झाली. भट्टी तेवढी चालू राहिली.

तुम्हालाही कुणीतरी असा उजेड दाखवील. भारावून जा, हरकत नाही. पण आधी म्हणा, जरा उचलून बघू द्या. खरं असेल, तर तपासल्यानं बिघडणार नाही.