पन्नासचा कौल

मित्रांनो, माझ्या अंगावर मधोमध आडवी भेग आहे, खालचा एक कोपरा वाळवीने चाखून पाहिला आहे, आणि तरीही सांगतो, माझ्याइतका भाव खाल्लेला फळा अख्ख्या इंदापूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही! हसू नका. आधी ऐका तर खरे.

मी जुना लाकडी फळा. इंदापूरच्या एका सुताराने सागवानी फळ्या जोडून मला घडवले, काळाभोर रंग दिला आणि शेळगावच्या बाजूच्या एका शाळेत माझी नेमणूक झाली. पाढे, कविता, रोजचा सुविचार, सगळे माझ्याच अंगावर. मग एका कडक उन्हाळ्यात मला भेग पडली. 'सुविचार' लिहिताना खडू तिच्यात अडकून मोडायला लागला. भिंतीवर नवा सिमेंटचा फळा आला आणि मला व्हरांड्यात तोंड भिंतीकडे करून उभे केले. मस्ती न करताच शिक्षा!

तिथून मला लासुर्ण्याच्या आबाजींनी सोडवले. त्यांच्या गावातल्या बागायतदारांनी मिळून द्राक्षे निवडून पेट्यांत भरायची शेड बांधली होती आणि तिचा हिशेब आबाजी बघायचे. गोष्ट १९९४ सालची. द्राक्षे बोटीने विलायतेला जायची आणि त्यांचे पैसे पौंडात यायचे. पौंडाचे रुपये किती होणार, हे मात्र रोज बदलायचे. म्हणून आबाजी सकाळी एसटीडी बूथवर जाऊन बारामतीच्या बँकेत फोन लावायचे आणि परत येऊन माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे : १ पौंड = ४६ रु. ८० पैसे.

पहिल्या दिवशी शेडमध्ये कामाला येणाऱ्या छबूबाईंना वाटले, द्राक्षे शेहेचाळीस रुपये किलोने चालली! त्या घरी जाऊन दोन भाज्या करून बसल्या. मग आबाजींनी समजावले की हा द्राक्षाचा भाव नाही, पैशाचा भाव आहे. "पैशालाबी भाव असतोय व्हय?" छबूबाई म्हणाल्या, आणि पुढे कितीतरी दिवस शेडमध्ये त्याच वाक्यावर हशा पिकायचा.

बायका ओळीने बसून कात्रीने घडातले खराब मणी काढायच्या आणि मान वर करून माझ्याकडे बघायच्या. शाळेत मुले माझ्याकडे इतक्या आवडीने कधी बघत नव्हती, खरे सांगतो.

सगळ्यांत जास्त बघायची तानूबाई. तिच्या सासरी पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता. आता कालव्याच्या पाण्यावर छोटी द्राक्षबाग होती, तिचा माल याच शेडमधून जायचा, आणि जुन्या कळपाची आठवण म्हणून दोन मेंढ्या होत्या. घरात शब्द तिचा चाले. तिची लेक संजीवनी दहावी पास होऊन वर्षभर घरीच होती. तिला बारामतीच्या कॉलेजात घालायचे की नाही, हे ठरत नव्हते. वसतिगृहाचा खर्च होता आणि पोरीला एकटी ठेवायची भीती होती.

तानूबाईच्या घरात मोठी गोष्ट अडली की देवाला कौल लावायची रीत. मूर्तीला दोन बाजूंना दोन फुले चिकटवायची, उजवे पडले तर होकार. १९९५ च्या हंगामात तिने काय करावे? कौल मलाच लावला! माझ्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचे बोट टेकवले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पौंड पन्नासला गेला, तर पोरगी बारामतीला."

मी पार हादरलो, मित्रांनो. मी साधा फळा, देव कधी झालो?

तेव्हापासून सगळी शेड पौंडाच्या मागे लागली. एकोणपन्नास वीस. एकोणपन्नास पन्नास. पुन्हा खाली. संजीवनी आईशेजारी बसून कात्री चालवायची, आकडा बघायची. तिला काय हवे, हे कोणी विचारत नव्हते.

एका दुपारी आबाजी पुन्हा फोन करायला गेले होते. तानूबाईही घरी गेली होती. सारजा, शेडमधली सगळ्यांत थट्टेखोर बाई, उठली. तिने तळव्याने एकोणपन्नास पुसला आणि खडूने पन्नास लिहिला. तानूबाई परतली, माझ्याकडे बघून जागीच थबकली आणि उलट्या पावली घरी जाऊन गूळ घेऊन आली. प्रत्येकीच्या हातावर खडा ठेवला. माझ्यावर खोटे लिहिलेले होते आणि मला ओरडता येत नव्हते.

तेवढ्यात आबाजी आले. हातातल्या चिठ्ठीवर आकडा होता एकोणपन्नास दहा. म्हणजे पौंड आणखी उतरला होता! सगळ्या कात्र्या थांबल्या.

"म्या लिवला," सारजा खाली बघून म्हणाली. "मावशे, तुझा जीव असा टांगलेला बघवंना."

"कौलाला हात लावत्यात व्हय गं, सारजे?"

तानूबाईने एकदा माझ्याकडे पाहिले. मग लेकीकडे वळली. "संजे, तुला जायचंय का?"

संजीवनीने कात्री खाली ठेवली. "जायचंय, आये. पौंड पडला तरी जायचंय."

"मग म्या ह्या लाकडाला कशापायी इचारत बसले? तुलाच इचारायचं हुतं." तानूबाईने हातातला उरलेला गूळ लेकीच्या तोंडात घातला. "वाटलेला गूळ माघारी घेत न्हाईत. कमी पडलं तर दोन मेंढ्या हायेत की."

आबाजींनी पन्नास पुसून एकोणपन्नास दहा लिहिले. खरे सांगू? त्या उतरलेल्या आकड्याइतका सुंदर आकडा माझ्या अंगावर कधी उमटला नाही.

आणि गंमत ऐका. त्याच हंगामात, मार्चमध्ये, पौंड खरोखर पन्नासच्या वर गेला. मी दिवसभर तो आकडा मिरवत उभा होतो, पण तानूबाई आलीच नाही. ती लेकीला घेऊन बारामतीला पत्र्याची पेटी घ्यायला गेली होती.

आता १९९९ संपत आले. पौंड सत्तरच्या घरात गेलाय म्हणे. मला कसे कळणार? शेडमध्ये फॅक्स आला, भाव कागदावर येतो आणि मी रिकाम्या क्रेटच्या मागे पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा आहे. हवा दमट असली की अंगावरचे जुने आकडे पुसट दिसतात, शेहेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, आणि कात्र्यांचा आवाज आठवतो.

तुमच्याही शाळेत, शेडमध्ये असा एखादा म्हातारा फळा असेल. त्याला पावसात टाकू नका, चुलीत घालू नका. माझ्याकडे आलात तर मला तेवढे उजेडाकडे वळवा आणि ओले फडके मारा. आकडे सगळे गेले तरी चालतील. वरच्या कोपऱ्यात कुंकवाचे एक बोट आहे, तेवढे राहू द्या.