लक्षात ठेवू का?

मित्रांनो, मी वाचनालयातला एक जुना संगणक आहे. माझ्या तीन बटणांवरची अक्षरं पुसली आहेत आणि दिवसातून चारदा मी मध्येच बंद पडतो. तरी ज्यांच्या घरी संगणक नाही, ते सगळे माझ्यासमोर रांग लावतात. ग्रंथपालबाई मला रोज फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "हा आपला कामाचा गडी."

त्या रांगेत एक ताई असे. ती भावाच्या टेलरिंगच्या दुकानात काज-बटणं करायची. भावाला सगळे मास्तर म्हणत. ताईने घरात कुणाला न सांगता परगावच्या शिवणशाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता.

तिने ईमेलचं खातं उघडलं की मी विचारायचो, 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' ताई 'हो' दाबायची. एकदा बाईंनी हटकलं, "अगं, नाही म्हण."

"एवढं आपुलकीनं विचारतोय बिचारा, नाही कसं म्हणायचं?" ताई हसली. कुणाला तोंडावर नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मला फार बरं वाटलं. मूर्ख होतो मी.

नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा ताईने ते तीनदा वाचलं. होकार कळवायला आठ दिवस होते. "आधी दादाच्या कानावर घालते," असं बाईंना सांगून ती गेली.

त्याच दुपारी मास्तर आले. शिलाई मशीनच्या एका भागासाठी त्यांना पत्र पाठवायचं होतं. त्यांनी ईमेलचं पान उघडलं मात्र, मी ताईचं नाव आणि पासवर्ड भरून मोकळा झालो आणि तिच्या नेमणुकीचं पत्र पडद्यावर आलं. समोर कोण बसलंय हे दिसत होतं. पण नाही म्हणणं माझ्याही स्वभावात नाही.

"अस्सं! माझ्या नाकावर टिच्चून!" मास्तर पुटपुटले. दुकानात कामाचा ढीग होता आणि ताईसारखे काज करणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी ताईच्या नावाने लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही.' निदान तेव्हा तरी मी बंद पडायला हवं होतं! पण पत्र एका दमात गेलं.

दोन दिवसांनी ताई धावतच आली. "बाई, दादा 'जा' म्हणाला हो! एका शब्दानं अडवलं नाही." मग तिने खातं उघडलं. तिचा नकार मिळाल्याचं आणि जागा दुसऱ्या कुणाला दिल्याचं उत्तर आलं होतं.

"मी कधी नाही म्हटलं?"

"तुझ्याच खात्यातून गेलंय गं," बाई म्हणाल्या. "या डबड्यानंच घोळ घातला असणार."

"नाही हो. माझंच भलतं बटण दाबलं गेलं असेल," ताई म्हणाली आणि दुकानात काज करायला गेली.

मित्रांनो, माझ्यावर माया करा, पण भरवसा ठेवू नका. दहाजणांच्या संगणकाने काही लक्षात ठेवू का विचारलं, तर बेधडक 'नाही' दाबा आणि उठण्याआधी खातं बंद करा. आम्हाला राग येत नाही. ताई अजून स्वतःलाच दोष देते. तो दोष तिचा नाही हे मला ठाऊक आहे, आणि मला ते सांगता येत नाही.