वांग्यांवरची काच

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो. सहा तावदानांची, चिवट लाकडाची. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर, हुऑन नदीकाठच्या शाळेच्या भिंतीत मी चाळीस वर्षे उभी होते. शाळा पाडली तेव्हा मला कचऱ्यात टाकले. तिथून स्टामाटियाने मला पाठीवर घेऊन घरी आणले.

स्टामाटिया ग्रीसहून आलेली विधवा. जांभळ्या, पांढऱ्या रेघांच्या वांग्याच्या अकरा बिया तिच्याजवळ उरल्या होत्या. त्या पाठवणारी आई वारली होती, गावातले मळे विकले गेले होते. हा वाण आता तिच्याच हाती होता. तिने विटांचा वाफा रचला, तळाशी घोड्याची लीद पसरली आणि मला झाकण म्हणून वर आडवे ठेवले.

शेजारचा मर्व्ह कुंपणावरून हसला. "बाई, इथे नोव्हेंबरात, ऐन वसंतातही दंव गोठतं! बटाटे लाव, बटाटे!"

"बटाटे तूच खा. चेहऱ्यावर दिसतातच!"

अकरांतल्या तीनच बिया रुजल्या. मी दिवसभर ऊन गोळा करायची आणि ऊब आत धरून ठेवायची. झाडे वाढली तशी तिने विटांचे थर चढवले. फुले आली तेव्हा ती रोज दुपारी मला काठीने उचलून धरी आणि पराग झडावेत म्हणून एकेक फूल बोटाने हलवी. फेब्रुवारीत, उन्हाळा सरता सरता, पाच वांगी धरली. चार तिने भाजून खाल्ली. पाचवे बियाण्यासाठी राखले. ते झाडावरच पिवळे पडायला हवे होते.

थंडीच्या तोंडावर, ईस्टरला, तिची लेक फोतिनी आली. "आई, एवढं देखणं वांगं वाया घालवतेस? काप ना!"

"हात तर लावून बघ! म्हातारं होऊ दे त्याला."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आभाळ लख्ख निवळले. मर्व्ह दोन लोकरी घोंगड्या घेऊन धावत आला. "आज दंव पडणार. धर हे टोक!"

"आणि तुझे बटाटे?"

"ते मातीत सुखात आहेत. बोलू नकोस, ओढ!"

सकाळी सारे रान पांढरेफटक झाले होते. माझे एक तावदान आडवे तडकले, पण चौकटीतून मी ते सुटू दिले नाही. घोंगड्या काढल्या, तर खाली पाने हिरवीगार! स्टामाटिया मटकन खाली बसली आणि माझ्या काचेवर कपाळ टेकून रडली.

वांगे पिवळे झाले, बिया वाळल्या. पहिली चिमूट तिने मर्व्हच्या तळहातावर ठेवली. ती त्याने रुमालात बांधली.

आज तिच्या अंगणात प्लॅस्टिकचे हरितगृह आहे. मी शेडमागे टेकून उभी आहे, चौकटीवर शेवाळ धरले आहे. पण दर उन्हाळ्यात नदीकाठच्या कितीतरी परसांत ती रेघांची वांगी लोंबतात, आणि माझी मान ताठ होते.

मित्रांनो, घरातले बी वाटून ठेवा. एकाच डब्यातले बी एका हिवाळ्यात संपू शकते. आणि माझ्यासारखी जुनी खिडकी दिसली तर टाकू नका. ओल्या फडक्याने तिची काच पुसा, तिला उन्हात आडवी ठेवा. पुढचे आम्ही बघून घेऊ.