रोटीवर न ठेवलेला हात

लॅपटॉपच्या पाठीवरचा एकेक स्क्रू मस्तुराने नखाने चाचपून पाहिला. दोन स्क्रूंच्या कडांवर ओरखडे होते.

"हा उघडलेला आहे, अका," ती हळूच म्हणाली.

"उघडलेलाच असणार, आपा." एगंबर्दी अकाने चहाचा पियाला तिच्यापुढे सरकवला. "जर्मनीतल्या कुठल्याशा कचेरीत चार वर्षं राबलाय. आतली धूळ काढली, पंखा बदलला. न उघडता हे जमलं असतं तर मी जादूगार झालो असतो, कोकंदच्या बाजारात गाळा मांडून बसलो नसतो."

मस्तुरा हसली नाही. चहा चांगला होता आणि तेवढ्यानेही तिच्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाइकाला इतका चांगला चहा कोण पाजतो?

तिचा स्वभाव असा नव्हता. गेल्या वर्षाने तो असा केला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी सासरच्या बायकांना वाकून सलाम करते, तेव्हा पुरुष कॅमेरेवाल्याला कुणी अंगणात पाऊल ठेवू देत नाही. ते चित्रण करायचं काम मस्तुराचं. बारा वर्षं तिने ते केलं आणि कधी बोल लागला नाही. गेल्या वर्षी द्राक्षं उतरली त्या सुमारास हलीमा खालांच्या थोरल्या नातसुनेचा सलाम झाला. खालांच्या नव्वदीच्या सासूने थरथरत्या हाताने नवरीची ओढणी सारखी केली आणि दुआ दिली. महिन्याभरात म्हातारी गेली. तिची तेवढीच एक आठवण म्हणून मस्तुरा फाइल उघडायला बसली, तर पडद्यावर नुसते राखाडी चौकोन.

चित्रण साठवायला घेतलेली एसएसडी नवी कोरी होती, सीलबंद खोक्यातली. खोक्यावर हजार जीबी लिहिलेलं. पोटात जागा जेमतेम साठ जीबीची. ती भरली की पुढचं कुठेच न लिहिता वर सगळं ठीक असल्याचं सांगायची. कॅमेऱ्यातलं कार्ड तोवर पुढच्या लग्नासाठी मोकळं करून झालं होतं.

विकणाऱ्याने रोटीवर हात ठेवून शपथ घेतली होती, "खोटं बोलत असेन तर ही रोटी मला मारो." रोटीवर हात ठेवला की त्यापुढे इथे कुणी काही विचारत नाही. मस्तुरानेही विचारलं नव्हतं.

हलीमा खाला रागावल्या नाहीत. "अल्लाहची मर्जी," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांच्या गल्लीतून मस्तुराला एकही बोलावणं आलं नाही. आणि आता अचानक निरोप आला होता, की धाकट्या नातवाचं लग्न आहे, गुरुवारी सलाम, मस्तुरालाच येऊ दे. ही क्षमा होती की परीक्षा, हे तिला कळत नव्हतं. जुना लॅपटॉप हिवाळ्यातच बंद पडला होता. आज मंगळवार.

"यात ड्राइव्ह कोणता घालू?" एगंबर्दी अकाने विचारलं. "माझं ऐकाल तर हा घ्या." त्याने खणातून एक उघडावाघडा, लेबल पुसट झालेला ड्राइव्ह काढला. "पाचशे जीबी. याच लॅपटॉपातून निघाला."

त्याने तो जोडला. पडद्यावर आकडे आले: नऊ हजार तास चाललेला, तब्येत एक्क्याण्णव टक्के.

"जुना आहे," मस्तुरा म्हणाली.

"जुना आहे म्हणून तर सांगतोय. जो नऊ हजार तास चालला त्याला चालायचं माहीत आहे. पुन्हा स्वस्तही पडेल."

इथे काहीतरी पाणी मुरत होतं. स्वस्त माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारा व्यापारी तिने जन्मात पाहिला नव्हता.

"स्वस्त का देताय?"

"महाग विकला तर तुम्ही एकदाच याल. हा टिकला तर लग्नघरातल्या साऱ्या बायका येतील. तुमच्या तोंडाची किंमत मला ठाऊक आहे, आपा. तुमच्या तोंडून निंदा झाली तर दुकान कसं बसतं, तेही या बाजाराने पाहिलंय."

एव्हाना जेवणाची वेळ झाली होती. अकाने फडकं पसरलं, त्यावर टोमॅटो, कांदा आणि सुलट ठेवलेल्या दोन रोट्या. मस्तुराने रोटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हात ठेवा," ती म्हणाली. "हा ड्राइव्ह दगा देणार नाही, असं रोटीवर हात ठेवून सांगा."

एगंबर्दी अकाने हात मांडीवर ओढून घेतला.

"नाही ठेवत."

"का?"

"आतलं कुणी पाहिलंय? कालपर्यंत चांगला होता, आज चांगला दिसतोय. उद्याचं मी कसं सांगू? जे हाताने घडवलं नाही त्यासाठी रोटीला मध्ये घेत नाही."

शेजारच्या गाळ्यातून खोकल्याचा आवाज आला. तो आदिल, तिशीतला, डोक्यावर नवी कोरी टोपी. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आपा, अकांना माल विकायची लाज वाटते," तो हसत म्हणाला आणि एक चकचकीत सीलबंद खोकं घेऊन आला. "हजार जीबी. शून्य तास. सील बघा, फोडलेलंसुद्धा नाही. आणि मी शपथेला घाबरत नाही." त्याने सरळ रोटीवर पंजा ठेवला. "खोटं असेल तर ही रोटी मला मारो."

गेल्या वर्षी मस्तुराने ऐकलेले तेच शब्द होते.

आता तिला दोघांचाही संशय येऊ लागला. एकाने नकार द्यायचा, दुसऱ्याने शपथ घ्यायची आणि संध्याकाळी नफा वाटून घ्यायचा, अशी मिलीभगत असेल तर? उठून जावं तर गुरुवार तोंडावर. तिने मनातल्या मनात एक दुआ म्हटली आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

"यात एक प्रोग्राम आहे," ती म्हणाली. "ड्राइव्ह काठोकाठ भरतो, मग भरलेलं परत वाचून ताडून बघतो. दोन्ही लावा. मी बसते."

"दोन तास जातील," आदिल म्हणाला.

"गेल्या वर्षी माझ्या हातून एका म्हातारीची शेवटची आठवण गेली. दोन तासांचं काय घेऊन बसलास, उका?" धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली.

आदिलने सील फोडलं.

जुना ड्राइव्ह एका लॅपटॉपाला जोडला, नवा दुसऱ्याला. मस्तुरा स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत जपमाळेचे मणी ओढू लागली. अकाने दोनदा चहा ओतला, तिने एकदाच घेतला. आदिल आपल्या गाळ्यात जायचा, परत यायचा. नव्याला तिने शंभर जीबी भरून वाचायला लावलं. पुढचं भरायची गरज पडली नाही. साठपर्यंत सगळं जुळलं. एकसष्टपासून लाल ओळी सुरू झाल्या, त्या थांबेचनात.

आदिल वाकून पाहत राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आपा, मला खरंच माहीत नव्हतं. ज्याच्याकडून घेतली त्यानेसुद्धा... त्यानेही रोटीवर..." त्याने फडक्यावरची ती रोटी उचलली, कपाळाला लावली आणि पुन्हा खाली ठेवायचं त्याला सुचेना. एगंबर्दी अकाने ती त्याच्या हातातून घेतली.

"किती खोकी आहेत?" अकाने विचारलं.

"चाळीस."

"एकही विकू नकोस."

मस्तुराला त्याची दया आली, पण विश्वास आला नाही. जुना ड्राइव्ह काठोकाठ भरून, वाचून पुरा झाला. एक ओळही लाल नव्हती. तरीही पैसे देताना तिने विचारलं, "अका, आता तरी हात ठेवाल?"

"आता तर मुळीच नाही." तो ड्राइव्ह लॅपटॉपात बसवत होता. "एक करा. चित्रण झाल्यावर दोन नकला काढा. दोन नव्हे, तीन. आणि एक घराबाहेर ठेवा."

गुरुवारी सकाळी मस्तुरा गेली तेव्हा हलीमा खाला दारातच उभ्या होत्या, हातात गरम रोट्यांची ताटली. नवरी अजून आतच होती. बायका आपापसांत कुजबुजत होत्या.

"या वेळी राहील ना?" खालांनी विचारलं आणि ताटली किंचित पुढे केली.

मस्तुराने रोटीकडे पाहिलं. वाफ निघत होती, वर काळे तीळ. हात ठेवणं किती सोपं होतं. क्षणात सगळं पूर्वीसारखं झालं असतं. निदान तसं दिसलं तरी असतं.

तिने हात मागे घेतला.

"हात ठेवत नाही, खाला. मशीन आहे, मला त्याच्या पोटातलं दिसत नाही. पण तुम्हाला बघायला मिळाल्याखेरीज मी कार्ड पुसणार नाही. एक नक्कल माझ्याकडे, एक माझ्या बहिणीकडे, आणि एक आज संध्याकाळी तुमच्या संदुकीत. तुम्ही स्वतः उघडून बघायची."

खालांची नजर काही निवळली नाही.

"संध्याकाळी किती वाजता?"

"मगरिबच्या नमाजाआधी."

"पाहू," खाला म्हणाल्या. मग त्यांनी वरची रोटी मोडली, अर्धी मस्तुराच्या हातात ठेवली आणि दारातून बाजूला झाल्या.