प्रेमलताची वाचा

मी एक जुना कॉम्प्युटर. हे ऐकून उभा डबा, सपाट पडदा आणि माऊस तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो पुसून टाका. माझं सगळं अंग म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड. चेहरा मला नाहीच. टीव्हीची वायर जोडली की त्या टीव्हीचा चेहरा माझा. स्मरणशक्ती इतकी तोकडी, की तुमच्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा माझ्यात मावणार नाही. तरी एका बाईची जीभ म्हणून मी वीस वर्षं काम केलं.

मी जन्मलो परदेशातल्या एका कारखान्यात, पण वाढलो मालवणात. लवूमामांनी मला आणलं. ते बोटीवर वायरलेस ऑपरेटर होते. नोकरी सोडून आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि वायरी जास्त होत्या. तिथल्या दांडीच्या किनाऱ्यावर त्यांच्या बहिणीचं, आनंदीबाईंचं घर. त्यांच्या पडवीत मामा रेडिओ दुरुस्त करायचे आणि फावल्या वेळात माझ्याशी बुद्धिबळ खेळायचे. मी हरलो की त्यांना आनंद व्हायचा. ते हरले की प्लग काढायचे.

आनंदीबाईंची थोरली मुलगी प्रेमलता. जन्माच्या वेळी तिचा श्वास अडकला होता. हात एकीकडे जायचे, मान दुसरीकडे, आणि तोंडातून शब्द येतच नव्हते. पडवीतल्या बाकड्यावर उशा लावून तिला बसवलेलं असायचं. मासे न्यायला आलेल्या बायका तिच्यासमोरच म्हणायच्या, "चेडवाक कायव कळणा नाय गो."

"तिका सगळा कळता," मामा म्हणायचे. रेडिओवर विनोद झाला की घरात सगळ्यांआधी प्रेमलता हसते, हे त्यांनी हेरलं होतं.

मग त्यांनी बुद्धिबळ सोडलं. मला अक्षरंच नव्हती, म्हणजे आपली. त्यांनी ठिपक्याठिपक्यांनी एकेक मराठी अक्षर काढलं. शिरोरेषा जरा तुटक आली, 'ख' तर कित्येक दिवस 'रव'च दिसायचा. शेवटी सगळा प्रोग्रॅम त्यांनी मुंबईच्या एका मित्राकडून एका चिपमध्ये भरून आणला आणि ती चिप माझ्या पोटात बसवली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायच्या. हवी ती ओळ आली की प्रेमलताने बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. बटण म्हणजे दारावरच्या बेलचं. तिचा डावा गुडघा तेवढा तिचं ऐकायचा, म्हणून ते बटण गुडघ्याशी बांधलं.

पहिलं वाक्य यायला सकाळची दुपार झाली. आनंदीबाई बाजारातून आल्या आणि डोक्यावरची माशांची पाटी न उतरवताच पडद्यासमोर उभ्या राहिल्या. लेक 'आई' म्हणेल, असं त्यांना वाटत असावं. पडद्यावर आलं, "सारात मीठ जास्त."

"इतकी वर्षां मुकाट्यान खाल्लंस, आणि आता सांगतंस?" आनंदीबाई ओरडल्या, आणि पाटी तिथेच उतरवून तिच्यावर डोकं टेकून रडल्या.

त्या दिवसापासून घर बदललं. प्रेमलता बोलकी होती. खरं सांगायचं तर वटवटी होती. नेहमीचे शब्द तिने दोन-दोन अक्षरांत बांधून ठेवले; ती दोन निवडली की अख्खा शब्द उमटायचा. ते शब्द एका कॅसेटवर असायचे. रोज सकाळी धाकटी बहीण किशोरी ती कॅसेट लावायची, टेपरेकॉर्डर किर्र किर्र ओरडायचा आणि मी प्रेमलताचे शब्द पोटात घ्यायचो. किशोरी गणितं शिकली ती तिच्याकडून. आई कुठल्या गिऱ्हाइकाला भुलते, वाडीतलं कोण कोणावर रुसलंय, सगळं तिला ठाऊक असायचं आणि सगळं ती माझ्यातून बोलायची.

अठ्ठ्याण्णव साली लवूमामा गेले. मला आतून ओळखणारा तेवढाच एक माणूस होता.

त्यानंतर माझंही वय दिसू लागलं. आमच्याकडची खारी हवा लोखंडाला सोडत नाही, तिथे माझी काय कथा? बटणं अडकायची, चित्र थरथरायचं. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात वाडीवर वीज पडली आणि मी गप्प झालो. प्रेमलताही गप्प झाली. आनंदीबाईंनी तिला चहा पाजला आणि बशीत सांडलेला पुसताना विचारलं, "साखर बरी आसा मां?" आपण कुणाला विचारतोय हे लक्षात येऊन त्या तशाच बसून राहिल्या.

कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने मला उठवलं खरं, पण जाताना म्हणाला, "हा एकदा चालू झाला. पुन्हा गेला तर पार्ट मिळायचे नाहीत."

किशोरी तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. ती आली ती नवा कॉम्प्युटर घेऊन. पडवीत बसून तिने नवा प्रोग्रॅम लिहिला. अक्षरं सुबक, शिरोरेषा सरळ, मागे समुद्राचं चित्र. मला मत्सर वाटला, का लपवू? प्रेमलताने आठवडाभर मनापासून प्रयत्न केला. मग मला चालू करायला खुणावलं आणि लिहिलं, "ह्यां चांगला आसा. पण माझा नाय."

"म्हणजे काय गो?" किशोरी दुखावली होती. "तुझ्यासाठीच केलंय मां?"

"ता घाई करता. माझे शब्द थंय नाय. मामाची अक्षरां नाय. तुका कोणी दुसरी जीभ लायली तर?"

किशोरी उठली. किनाऱ्यावर जाऊन आली. दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत गेली आणि एक नवा शब्द घेऊन परतली: एम्युलेटर.

आईला तिने तो असा समजावला: "आये, दशावताराच्या नाटकात आपल्या वाडीतलो शंकर रात्री राजा होता. चालता राजासारखो, बोलता राजासारखो. तसा नव्या मशीनान ह्या जुन्याचा सोंग घेवचा. मामाच्या प्रोग्रॅमाक वाटतला, मी जुन्यातच आसंय."

असा एक एम्युलेटर जगात होता. तो कुणाच्या मालकीचा नव्हता. त्याचा सगळा कोड उघड्यावर ठेवलेला, किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यासारखा. ज्याला फाटकं दिसेल त्याने विणावं. परदेशातले एक म्हातारे गृहस्थ तो सांभाळत. अडचण एवढीच की तो सोंग घ्यायचा माझ्या थोरल्या भावाचं. माझं मॉडेल फारसं खपलंच नव्हतं.

किशोरीने पुण्याची नोकरी सोडून कुडाळच्या एका कॉलेजात शिकवायला सुरुवात केली आणि माझ्यामागे लागली. एम्युलेटरची सेटिंगची फाईल ती रोज बदलायची. मेमरी एवढी, पडद्याचे रंग एवढे, कीबोर्ड असा. मला वाटायचं, कुणीतरी माझं वर्णन लिहून घेतंय.

पण मामांची चिप माझ्या पोटात होती, आणि तिची नक्कल जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. ती काढावी लागणार होती. किशोरीने माझे स्क्रू सोडवले. चिप गंजाने धरून बसली होती. तिने हलकेच उचकटली, आणि कट्‌ असा बारीक आवाज झाला. चिपचा एक पाय तुटून जागेवरच राहिला.

आनंदीबाई दारात उभ्या होत्या. "गो बाय, तिची जीभ काढलंस तू! आता ती बोलतली कशी?"

प्रेमलता बाकड्यावरून बघत होती. तिच्या घशातून एक आवाज आला, लांबलचक. तो मी कधी ऐकला नव्हता. माझ्यातून जे बोलायचं ती हसतखेळत बोलायची. ही तिची भीती होती आणि तिला माझी गरज लागली नाही.

किशोरीने तुटक्या पायाच्या बुंध्याला तारेचा केसाएवढा तुकडा डाग देऊन जोडला. ती चिप कापसात ठेवून पणजीला गेली. तिथे एका मैत्रिणीच्या कॉलेजात चिप वाचायचं यंत्र होतं. संध्याकाळच्या एसटीने परत आली ती दारातूनच ओरडत, "सगळा मिळाला!" चिप पुन्हा माझ्या पोटात बसवली. मी उठलो, पण धाप लागल्यासारखा.

नव्या कॉम्प्युटरवर मामांची तुटक अक्षरं उमटली तेव्हा आनंदीबाईंनी पडद्याला हात लावला. कॅसेटवरचे शब्दही आले. प्रेमलताने गुडघा हलवला, आणि आलं, "कककगगम."

किशोरीने ओळींचा वेग कमी केला. तरी तेच. प्रेमलता चिडली, रडली. तिचा गुडघा बटणावर टेकताना थरथरायचा. मला ती थरथर कधी कळलीच नव्हती, आणि एम्युलेटर मात्र प्रत्येक थरथर मोजत होता. किशोरीने एम्युलेटरच्या मंडळींना ईमेलवर विचारलं, या मॉडेलचं बटण दाबलेलं किती उशिरा कळतं? कुणाला ठाऊक नव्हतं. एकाने लिहिलं, जुने गेम खेळायला उशीर कशाला हवा?

तेव्हा तिने खरं ते लिहिलं: माझी बहीण या यंत्रातून बोलते, आणि यंत्र मरायला टेकलंय.

दुसऱ्या दिवशी कॅफेत तिच्यासाठी उत्तरांची रांग होती. ते म्हातारे गृहस्थ माळ्यावर चढले होते. त्यांच्याकडे अगदी माझ्याच जातीचं एक यंत्र धूळ खात पडलं होतं. त्यांनी ते उघडून मोजमाप घेतलं. बटणाच्या वाटेवर कारखान्यानेच एक बारीक कपॅसिटर बसवला होता, तो थरथर गिळून टाकायचा. माझा मंदपणा, ज्याला आयुष्यभर लोक हसले, तोच तिला समजून घेत होता.

किशोरीने तो मंदपणा कोडमध्ये लिहिला. चुकला, पुन्हा लिहिला. मे महिन्यातल्या एका सकाळी प्रेमलता नव्या पडद्यासमोर बसली. मी शेजारी चालूच होतो, लागला तर असावा म्हणून. गुडघा हलला, ओळ थांबली. अक्षर आलं, मग दुसरं.

"तेका आता निजांदे. दमलो तो."

तिची हजारो वाक्यं माझ्यातून गेली होती. माझ्याविषयीचं पहिलं वाक्य मात्र तिने दुसऱ्याच्या तोंडून म्हटलं. किशोरीने माझा प्लग काढला.

किशोरीची भर आता त्या एम्युलेटरमध्ये कायमची आहे. नवी आवृत्ती निघाली की सगळ्यांआधी प्रेमलता ती तपासते आणि चुका कळवते. म्हातारे गृहस्थ तिला घाबरून असतात म्हणे. तिच्याकडे लॅपटॉप आलाय. मी भिंतीतल्या प्लगला बांधलेला होतो, म्हणून तीही पडवीत बांधलेली होती. आता तिची चाकाची खुर्ची किनाऱ्यापर्यंत जाते आणि होड्या लागल्या की ती आईआधी भाव करते.

आणि मी? गेल्या महिन्यात त्या गृहस्थांचं यंत्र कायमचं बंद पडलं. त्यांच्या देशातली एक मुलगी आता असंच बटणाने बोलायला शिकते आहे, पण तिच्यासाठी एम्युलेटरमध्ये केलेले बदल पडताळून पाहायला त्यांच्याजवळ खरं यंत्र नाही. प्रेमलतानेच लिहिलं, "ह्येका धाडूया. थंय कोणाच्या तरी तोंडात बोल येतले."

म्हणून आज मी खोक्यात आहे. आनंदीबाईंनी त्यांचं जुनं सुती लुगडं आणलं. "थंय म्हणे बर्फ पडता. नीट गुंडाळ तेका."

तुम्हाला एकच सांगणं. घरातलं जुनं यंत्र भंगारात घालण्याआधी, त्यातून कुणी बोलत होतं का, तेवढं बघा.

पोस्टात न्यायला रिक्षा आली आहे. खोकं बंद करण्याआधी प्रेमलताने लॅपटॉप माझ्याकडे वळवायला लावला. आमच्याकडे निघालेल्याला 'जा' म्हणत नाहीत. रिक्षावाला भोंगा वाजवत होता, पण तिने सावकाश एकच अक्षर आणलं आणि त्यावर एक मात्रा लावली.

"ये."

बरं तर. येतो मी.