तेरा तारीख नसलेले वर्ष

रंगांच्या त्या घाऊक दुकानात दुपारी गिऱ्हाईक थोडे आणि भाविक फार होते. जुन्या हिशेबी सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपत आली होती. त्यात अडकलेले वर्षभराचे व्यवहार नव्यात आणण्याचे पुण्यकर्म ‘डेटाबाबा’ म्हणून गाजलेल्या सल्लागाराने एका बैठकीत उरकले. जुनी आणि नवी एकूण बेरीज पडद्यावर तंतोतंत जुळताच शेजारच्या दुकानदारांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

“कंपनीनं डेटाला कुलूप घातलं होतं, आम्ही मुक्ती दिली,” बाबा म्हणाले. “आता जुनं मशीन आजच पुसा. जुनं ठेवलं की नव्यात दोष उतरतो.”

मालक मात्र येरझारा घालत होते. रोखपाल मावशींच्या सहीच्या कित्येक पावत्या नव्या हिशेबात नव्हत्याच.

“मावशी, पैसे गेले कुठे?”

“भरलेत मी. जुन्या मशीनमध्ये बघा ना!”

“यंत्र खोटं बोलत नाही,” बाबांनी डोळे मिटले. “माणूस बोलतो.”

मावशींनी कमरेची गल्ल्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. नोकरी जाण्याचे दुःख होतेच. चोर ठरून जाणे त्यांना सोसवेना.

मालकांच्या थोरल्या वहिनी, गणिताच्या शिक्षिका, टेबलावरच्या त्या न सापडलेल्या पावत्या चाळत होत्या. जुने मशीन पुसायला सरसावलेल्या दिराचा हात त्यांनी धरला.

“थांबा, भावोजी. ह्या सगळ्या बारा तारखेनंतरच्या आहेत. बाबा, कुठल्याही महिन्याच्या तेरा तारखेचा एक व्यवहार दाखवा.”

बाबांनी शोधले. पुन्हा शोधले.

“बरं, वीस? सत्तावीस?”

“ग्रहदशा...”

“म्हणजे बारा तारीख उलटली की आपण दुकान बंद ठेवतो? भावोजी, मला बोलला नाहीत!”

कोणीतरी खुदकन हसले.

जुने सॉफ्टवेअर तारखेत आधी दिवस लिही. नवे आधी महिना वाची. तेरावा महिना जगात नाही, म्हणून त्याने तेरापासूनच्या नोंदी मुकाट्याने गाळल्या आणि उरलेल्यांचे दिवस-महिने उलटे केले. मग बेरीज जुळली कशी? वहिनींनी यादीतले शेवटचे खाते उघडले: उचंत. ठाव न लागलेली रक्कम तात्पुरती टेकवण्याची ती जागा. तिथे गाळलेल्या उलाढालीएवढीच एक नोंद होती, नावे बाजूलाही उचंत आणि जमा बाजूलाही उचंत, बेरीज जुळवायला बाबांनी स्वतः घातलेली.

मालकांनी किल्ली उचलून मावशींपुढे धरली. “चुकलो, मावशी.”

“आधी ते मशीन पुसू नका,” त्या म्हणाल्या, आणि मगच किल्ली घेतली.

वाचकहो, जुळलेली बेरीज हा पुरावा नव्हे. तेरा तारखेची एक पावती मागा. आणि चमत्कार दाखवून जो जुने पुसण्याची घाई करतो, त्याच्या हातून फडके आधी काढून घ्या.